चूक गणिताची की भाषेची?

स्टीफन जे गूल्ड यांचे ‘द मिसमेझर ऑफ मॅन’ (१९८१) हे पुस्तक शिक्षकांनी वाचायलाच हवे. कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी बिने यांनी पॅरिसमध्ये १९०५ साली कसोटी तयार केली. अमेरिकेत पुढे अशाच कसोट्या माणसांवर शिक्के मारू लागल्या. पहिल्या महायुद्धात निरक्षर सैनिकांना चित्रातला राहिलेला भाग काढायला सांगत. एका चित्रात टेनिसच्या मैदानावर जाळे नव्हते! ज्याने टेनिस कधी पाहिलेच नाही, त्याची बुद्धी कमी ठरे.

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावातून पाचवीचे मूल नवोदयच्या परीक्षेला बसते, तेव्हा हेच आठवते. घरी भिली किंवा अहिराणी बोलणाऱ्या या मुलाचे गणित चुकले की पुस्तकी मराठी अडली, हे गुण सांगत नाहीत.

मात्र जागा थोड्या असताना निवड कशी करावी, याचे उत्तर गूल्ड देत नाहीत. परीक्षा काढली तर वशिला शिरेल, ही भीतीही खरीच. तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. चुकलेला प्रश्न मुलाला त्याच्या बोलीत पुन्हा विचारून पाहा.