नाट्यपद, रॉक आणि विशीतले कान

सांगली-मिरजेत नाट्यसंगीताचा कार्यक्रम झाला की आभार मानणारे गृहस्थ एक वाक्य हमखास बोलतात : तरुण पिढीने या संगीताकडे वळले पाहिजे. सभागृहातल्या पांढऱ्या माना डोलतात आणि सगळे जेवायला जातात. तरुण का येत नाहीत, याचे कारणही सर्वांना ठाऊक असते. आजच्या मुलांना दम नाही, अर्ध्या मिनिटाच्या पलीकडे त्यांना काही ऐकवत नाही, त्यांचे कान मोबाइलने नासवले आहेत. हे निदान इतक्या वेळा ऐकले आहे की ते एकदा तपासून पाहावे असे वाटू लागले. या तपासणीत मला सर्वांत उपयोगी पडले ते नाट्यसंगीताशी कसलेही नाते नसलेले एक संगीत, म्हणजे १९७० च्या आगेमागे इंग्लंडात बहरलेले प्रोग्रेसिव्ह रॉक.

मी जतला शिकवतो. दर शनिवारी दुपारी विशीतली काही मुले-मुली माझ्याकडे गाणी ऐकायला जमतात. कुणी तालुक्याच्या पूर्व भागातल्या कन्नडभाषक गावांतून येते, कुणी गावातलेच. त्यांच्यातल्या एकाने पहिल्याच महिन्यात पिंक फ्लॉइडचे ‘एकोज’ लावले. १९७१ च्या ‘मेडल’ या तबकडीची एक अख्खी बाजू व्यापणारी ही रचना तेवीस मिनिटांहून अधिक चालते. मधली कितीतरी मिनिटे त्यात शब्द नाहीत, चाल म्हणावी असेही काही नाही, नुसते वाऱ्याचे आणि पक्ष्यांसारखे आवाज आहेत. हा मुलगा ती डोळे मिटून ऐकत होता आणि बाकीच्यांनीही ती शेवटपर्यंत ऐकली. जतच्या मुलांना दम नाही हा सिद्धांत त्या दुपारी माझ्यापुरता निकालात निघाला.

ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तीन मिनिटांचे प्रेमगीत म्हणजे रॉक, ही समजूत काही इंग्रज तरुणांनी मोडीत काढली. त्यांनी युरोपीय शास्त्रीय संगीतातली बांधणी घेतली, जॅझमधला विस्तार घेतला, लोकगीते घेतली, आणि एलपी तबकडीच्या बाजूला वीसेक मिनिटे मिळतात म्हणून तेवढ्या लांबीची गाणी रचली. ‘यस’चे ‘क्लोज टू दि एज’ आणि ‘जेनेसिस’चे ‘सपर्स रेडी’ ही दोन्ही १९७२ ची. त्याच वर्षी ‘जेथ्रो टल’ने ‘थिक अॅज अ ब्रिक’मध्ये एकच गाणे तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरले आणि वेष्टन म्हणून एका काल्पनिक गावाचे अख्खे वर्तमानपत्र छापले. या मंडळींचा विशेष नाद गिटारपेक्षाही पेटीवाद्यांतून आला : हॅमंड ऑर्गन आणि मेलोट्रॉन. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो, पट्टी दाबली की व्हायोलिनांचा किंवा बासरीचा मुद्रित आवाज सात-आठ सेकंद वाजतो.

इथे आपल्याकडच्या श्रोत्याचे कान टवकारले पाहिजेत. इकडून तिकडून घेतलेले संगीत, पेटीवाद्याने दिलेला खास नाद आणि रसिकांची गाणे लांबवण्याची हौस, हे वर्णन गंधर्व नाटक मंडळीला जसेच्या तसे लागू पडते. ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी पूर्वेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या चाली खाडिलकरांच्या पदांना चढवल्या. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी नाटकात आणल्या. तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि पायांनी भाता मारायचा विलायती ऑर्गन, हा ताफा त्या काळच्या मानाने किती ‘प्रोग्रेसिव्ह’ होता याचा विचार आपण करत नाही. ती त्या दिवसांतली सर्वांत नवी आणि सर्वांत उधळी करमणूक होती. आज तिच्यापुढे आपण निरांजन लावतो.

लांबीच्या प्रश्नात आणखी एक गंमत आहे. बालगंधर्वांची जी गाणी आपण प्रमाण मानतो, जी ऐकून तीन पिढ्या हळव्या झाल्या, ती ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची आहेत. तबकडीच्या एका बाजूला फार तर साडेतीन मिनिटे मिळत. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत अर्धा अर्धा तास चालणारे पद तबकडीसाठी कापून, आवळून, शेवटची तान घाईने संपवून गायले जाई. म्हणजे तरुणांना तुकडा पुरतो म्हणून हळहळणारे आपण स्वतः तुकड्यांवरच वाढलो आहोत. उलट पिंक फ्लॉइड ऐकणारा मुलगा अखंड रचना ऐकतो आहे.

मग नाट्यपद या मुलांना का लागत नाही? मी त्यांना बालगंधर्व ऐकवले, मास्टर दीनानाथ ऐकवले. दीनानाथांच्या आवाजातली ती अंगावर येणारी, पंजाबी वळणाची तान त्यांना चटकन आवडली. एकाने तिची तुलना गिटारच्या एकलवादनाशी केली आणि मला ती पटली. बालगंधर्वांच्या वेळी मात्र खोलीत चुळबूळ झाली. खरखर अडचणीची होती, पुरुषाने गायलेले स्त्रीचे गाणे थोडे अनोळखी होते, पण खरी अडचण एका मुलीने विचारली : “सर, हे म्हणतंय कोण? आणि कुणाला?”

माझ्या मते या प्रश्नावर सगळा लेख संपू शकतो. नाट्यपद हे कुणीतरी कुणाला तरी, कुठल्या तरी पेचात सापडलेले असताना म्हटलेले असते. रुक्मिणीला कृष्ण हवा आहे आणि भाऊ आडवा आला आहे. भामिनीने धैर्यधराचा अपमान केला आहे. हा पेच ज्याला माहीत आहे त्याला पद कळते. ज्याला माहीत नाही त्याच्या हाती उरतो फक्त एक राग, काही ताना आणि जुनाट वाटणारे शब्द. आपल्या आधीच्या पिढीने नाटके पाहिली होती, त्यांच्या मुलांनी निदान त्यांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. आम्ही मात्र नाटक गाळून पदे मैफलीत नेली, निवेदकाला दोन गाण्यांच्या मध्ये किस्से सांगायला बसवले, आणि मग तरुणांना रस नाही म्हणून कपाळाला हात लावला. प्रोग्रेसिव्ह रॉकची तबकडी आपले जग बरोबर घेऊन फिरते. गोष्ट, वेष्टनावरचे चित्र, छापलेले शब्द, सगळे त्याच पाकिटात असते. जतच्या मुलाला पन्नास वर्षांनी ते पाकीट मोबाइलवर उघडले तरी आतले जग शाबूत मिळते.

आता या भागाविषयी. जतहून सांगली ऐंशी-नव्वद किलोमीटर पश्चिमेला, आणि पूर्वेला सीमा ओलांडली की विजापूर. वर्तमानपत्रांना आमचा तालुका दुष्काळामुळे किंवा सीमावादामुळे आठवतो. संगीताच्या दृष्टीने मात्र ही सीमा फार जुन्या देवाणघेवाणीची आहे आणि मराठी नाटकाचा उगमच तिच्यावर झाला. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळीचे खेळ सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले, तसे काही मराठीत कर म्हणून विष्णुदास भाव्यांना सांगितले, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ झाले. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो तो त्या प्रयोगाचा. पुढे १८८० साली ‘शाकुंतल’ करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या चालींत कानडी पदांचा वाटा मोठा आहे. बालगंधर्वांवर ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम करणारे कुमार गंधर्व मूळचे कन्नडभाषक. ज्या मुलांना आपण ‘आमच्या’ नाट्यसंगीताची ओळख करून द्यायला निघालो आहोत, त्यांच्या आजोळच्या घरातूनच त्यातला बराच ऐवज आलेला आहे.

आणि त्यांच्या घरात रात्रभर ऐकण्याची सवय अजून मोडलेली नाही. सीमेपलीकडे श्रीकृष्ण पारिजाताचे खेळ पेटी आणि तबल्यावर रात्र जागवतात. धनगरी ओव्या उजाडेपर्यंत चालतात. गुड्डापूरला दानम्मादेवीच्या यात्रेत कानडी भजने गात चालणारी माणसे आहेत, त्यांत कॉलेजची मुलेही असतात. शनिवारच्या मंडळीतली एक मुलगी गावच्या भजनी मंडळात गाते. तिला मी एक जुने पद ऐकवले तर ती म्हणाली, ही तर आमच्या अभंगाची चाल! भजनी मंडळांनी नाट्यपदांच्या चालींवर अभंग बसवले, ही महाराष्ट्रभरची गोष्ट आहे. त्या मुलीने नाट्यसंगीत लहानपणापासून गायले होते, फक्त त्याला नाट्यसंगीत म्हणतात हे तिला कुणी सांगितले नव्हते. रसिकांच्या सभेत मात्र तिची गणना ‘न वळलेल्या’ पिढीत होणार.

यावर कुणी म्हणेल, मग चाली नव्या वाद्यमेळात घालून द्या, गिटार आणि ड्रम लावा, मुले येतील. मला हा उपाय अर्धवट वाटतो. यूट्यूबवर असे प्रयोग पुष्कळ आहेत. त्यांत पदाचा मुखडा तेवढा घोळवत राहतात आणि अंतऱ्याला पोचेपर्यंत गाणाराच कंटाळलेला असतो. पुन्हा तेच : कोण म्हणते आणि कुणाला, याचा पत्ता नाही. याच्या उलट ‘कट्यार काळजात घुसली’ पाहा. दारव्हेकरांचे नाटक १९६७ चे, संगीत अभिषेकीबुवांचे, खाँसाहेब वसंतराव देशपांडे. २०१५ च्या दिवाळीत सुबोध भावे यांनी त्याचा चित्रपट केला, शंकर-एहसान-लॉय यांनी जुन्या चालींबरोबर नव्या जोडल्या. मुलांना तो पाठ आहे. नव्या वाद्यांमुळे नव्हे, असे मला वाटते. त्यात दोन गायक एकमेकांसमोर उभे आहेत, हरणाऱ्याचे घर आणि घराणे जाणार आहे, आणि प्रत्येक तानेवर काहीतरी पणाला लागलेले आहे. असूया कळायला राग ओळखावा लागत नाही.

परदेशातही जुने संगीत तरुणांकडे असेच आडवाटेने गेले. ‘यस’चे १९७१ चे ‘राउंडअबाउट’ आज जगभरच्या पोरांना ओळखीचे आहे ते संगीतसमीक्षकांमुळे नव्हे. २०१२ साली एका जपानी कार्टून मालिकेने, ‘जोजोज बिझार अॅडव्हेंचर’ने, ते प्रत्येक भागाच्या शेवटी वाजवले. कथा नेमकी ऐन पेचात थांबते आणि ती गिटार सुरू होते. पोरांनी त्याचे विनोद केले, चित्रफिती केल्या आणि मग साडेआठ मिनिटांचे मूळ गाणे शोधून ऐकले. आपल्याकडे बालगंधर्वांच्या पदावर कुणी असा विनोद केला तर निषेधाची सभा भरेल.

जुने ते सगळे टिकावे, असेही मला वाटत नाही. प्रोग्रेसिव्ह रॉकची पुढे चरबी वाढली. ‘यस’ने १९७३ साली परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्रे यांच्या आधाराने चार बाजूंची चार गाणी केली, सुमारे ऐंशी मिनिटांची. मी ती दोनदा ऐकली आहेत आणि तिसऱ्यांदा ऐकायचा बेत नाही. तीन-चार वर्षांत पंक रॉकवाल्या पोरांनी तीन सूर आणि दोन मिनिटे एवढ्यावर हा डोलारा पाडला. आपल्याकडे हे काम बोलपटाने आणि नाट्यमन्वंतरने केले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’, ज्यात केशवराव भोल्यांची मोजकी, प्रसंगाला चिकटून राहणारी गाणी होती. गाण्यासाठी नाटक थांबवायचे या खोडीला ते उत्तर होते, आणि रास्त होते. विद्याधर गोखले आणि अभिषेकी यांच्या काळात संगीत नाटक पुन्हा उभे राहिले तेही हा धडा घेऊनच. तेव्हा पन्नासहून अधिक पदांचे ‘मानापमान’ जसेच्या तसे तरुणांच्या गळी उतरवण्याचा हट्ट मला मान्य नाही. त्यातली पाच-सहा पदे प्रसंगासकट मिळाली तरी पुष्कळ झाले.

आमच्या शनिवारी मी सध्या हेच करतो. गेल्या महिन्यात ‘संशयकल्लोळ’ घेतले. गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांनी हे आधी ‘फाल्गुनराव’ या नावाने गद्य लिहिले होते, पदे घालून ते १९१६ साली आले. रस्त्यात पडलेली एक तसबीर भलत्या हाती लागते आणि नवरा-बायको, प्रियकर-प्रेयसी सगळे एकमेकांवर संशय घेऊ लागतात. मुलांनी संवाद आपसांत वाटून घेतले. फाल्गुनराव वाचणारा पूर्व भागातला मुलगा मराठी कानडी हेल काढून बोलतो, त्यामुळे भांडणाला भलताच रंग चढला. तसबिरीच्या जागी मोबाइलमधला फोटो ठेवला तर एक शब्दही बदलावा लागणार नाही, असे त्यांचे मत पडले. आश्विनशेटच्या पदाची जागा आली तिथे वाचन थांबवून मी तबकडीवरचे जुने ध्वनिमुद्रण लावले. खरखर होतीच. या वेळी चुळबूळ झाली नाही. पद संपल्यावर आश्विनशेट वाचणारा मुलगा म्हणाला, परत लावा, पण आधीचं भांडण परत वाचूया, तिथून घेऊ. आम्ही तिथून घेतले.