टोळी कोण, राजवंश कोण?

इतिहासाच्या पुस्तकात जुन्या माणसांना दोन जातीची नावं मिळतात. ज्याच्या राजानं ताम्रपटावर नाहीतर दगडावर आपली वंशावळ कोरून ठेवली, तो 'राजवंश'. ज्यानं नाही कोरली, ती 'टोळी'. इंग्रज आले नि गेले, विद्वान बदलले, ही मोजपट्टी काही बदलली नाही.

आपल्या गडचांदूरजवळचा माणिकगडच घ्या. मेजर लूसी स्मिथनं १८६९ च्या चांदा सेटलमेंट रिपोर्टात परंपरा नोंदली की गोंडांच्या आधी या मुलखावर मानांचं राज्य होतं. सुरजागड आणि माणिकगड ही त्यांची ठाणी. दोनशे वर्षं टिकलं, मग गोंडांपुढं पडलं. वैरागडच्या आठवणीत तीन राजांची नावंसुद्धा आहेत: कुरुमप्रहोद, सुरजागड मजबूत करणारा सुरजत बडवाईक आणि माणिकगड बांधणारा गहिलू. रसेल आणि हिरालालच्या १९१६ च्या खंडांत हे सगळं छापलंय. पण नोंद सुरू कशी होते? माना ही शेतकरी-मजुरांची द्राविडी जात. म्हंजे पहिल्या ओळीत मजूर, राजा खाली कुठंतरी, तोही 'असं सांगतात' म्हणून.

तिकडं बस्तरात नागवंशी राजांचे अकराव्या शतकातले शिलालेख सापडले. ते झाले 'छिंदक नाग राजवंश'. त्यांची देवी माणिक्यदेवी, आपला गड माणिकगड. वैरागडचे राजे त्यांच्या नात्यातले असतील, असा तर्क रसेलच्या नोंदीतच केलाय. तर्क खरा निघो न निघो. एकाच रानपट्ट्यातले दोन राजे, एकाला वंश आणि दुसऱ्याला दंतकथा. फरक फक्त अक्षराचा. आणि अक्षर कुणाच्या ताब्यात होतं, हे तुम्हाला मी काय सांगू?

समुद्रगुप्ताच्या अलाहाबादच्या प्रशस्तीत, सगळ्या आटविक राजांना चाकर केलं, अशी फुशारकी आहे. गंमत अशी की दरबारी हरिषेणसुद्धा त्यांना राजे म्हणतो. आपले प्राध्यापक त्यांना 'टोळीप्रमुख' करतात! पण हे नुसतं बामणी दरबाराचं नाही. अशोकाच्या तेराव्या शिलालेखातही रानातल्या लोकांना दम आहे: मला पश्चात्ताप झालाय, पण शिक्षा करायची ताकद अजून आहे. अशोक आपला, म्हणून ही ओळ गिळायची नाही.

निर्मलकुमार बोस यांनी १९४१ मध्ये मांडलं की जमाती हिंदू समाजात सामावत गेल्या. 'सामावल्या' हा शब्द फार गुळगुळीत आहे. मी सिमेंट मिलवर काम करतो. तिथं चुनखडीही सामावतेच, दळून. ब्रजदुलाल चट्टोपाध्यायांचं १९९४ चं पुस्तक पुष्कळ बरं. पूर्वमध्ययुगात राज्यं ठिकठिकाणच्या समाजातून उभी राहिली, असं ते दाखवतात. तरी जमातीतून शेतकरी, शेतकऱ्यातून जात, ही शिडी तिथंही आहेच. शिडीवर न चढलेल्याचं काय, ते कळत नाही.

आता आपल्याच घरात येऊ. 'नाग' शब्द ऐकला की आपली पोरं लगेच म्हणतात, आपलेच! बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नागांविषयी लिहिलं, वाताहत झालेल्या माणसांचा सिद्धांत मांडला, अस्पृश्यतेचा जन्म इसवी सन ४०० च्या आसपास धरला. पण तुटलेल्या साखळ्या तर्कानं जोडाव्या लागतात, हेही त्यांनी प्रस्तावनेत उघड सांगितलं. तो सिद्धांत हत्यार म्हणून दिला होता, शिक्का म्हणून नाही. नाग म्हंजे बौद्ध, बौद्ध म्हंजे महार, म्हणून माना आपलेच, असा हिशेब करणारा रसेलपेक्षा वेगळं काय करतो? मानांना विचारलं कुणी?

आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही. सरकारचं म्हणणं असं होतं की यादीतली 'माना' म्हंजे गोंडांची पोटशाखा, तर गोंडांशी नातं दाखवा. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की माना ही स्वतंत्र जमात. तोवर कितीतरी पोरांच्या दाखल्यांचा प्रश्न एका स्वल्पविरामावर लोंबत राहिला. ज्यांच्या परंपरेत गोंडांनी राज्य घेतलं, त्यांनाच गोंडांशी नातं सिद्ध करायला लावलं.

आपल्या अंकात यापुढं 'टोळी' छापू नये, असं माझं मत आहे. माना, गोंड, कोलाम, ज्याचं जे नाव ते लिहावं. जिथं लेख नाही तिथं 'लेख नाही' म्हणावं, 'राज्य नव्हतं' म्हणू नये. पुढल्या अंकात दोन पानं मोकळी ठेवा. जिवती, राजुरा, वैरागडकडच्या माना मित्रांपैकी कुणी लिहावं, की गहिलूचं नाव घरात अजून घेतात काय, आणि घेतात तर कोणत्या सणाला.