मुक्या माराचा हिरवा रंग

तामसी गावाच्या काळ्या रानात कापूस वेचताना कुणी घसरून पडलं, की गुडघा आधी काळानिळा होतो, मग हिरवट, मग पिवळा. आपण म्हणतो, मुका मार उतरतोय. तो हिरवा रंग कुठून येतो हे कळल्यापासून १९९२ सालचा एक शोधनिबंध मी पुन्हा पुन्हा वाचतो.

कार्ल नाथ आणि सहकाऱ्यांचा हा निबंध ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’मध्ये आला. शीर्षकाचा आशय असा: स्नायू फुटलेल्या उंदरांत हीम ऑक्सिजनेज वाढणे हा शीघ्र, संरक्षक प्रतिसाद आहे. दोन विशेषणं शेजारी बसली आहेत, पण त्यांचं वजन सारखं नाही. ‘शीघ्र’ मोजून दाखवता येतं. ‘संरक्षक’ सिद्ध करावं लागतं, आणि निबंधाचं सौंदर्य त्या सिद्धतेत आहे.

स्नायू किंवा तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतलं हीम, म्हणजे लोह धरून असलेलं लाल रंगद्रव्य, मूत्रपिंडाच्या नलिकांत उतरतं आणि तिथल्या पेशी होरपळवतं. हीम ऑक्सिजनेज हे विकर त्याचं कडं फोडतं. त्यातून हिरवं बिलिव्हर्डिन निघतं, गुडघ्यावर दिसतं तेच. मोकळं झालेलं लोह फेरिटिन नावाचं प्रथिन आपल्या पोटात कोंडून ठेवतं. नाथांनी काही उंदरांना आधीच थोडं हिमोग्लोबिन टोचून हे विकर जागं केलं. मग स्नायू फुटण्याची तीच इजा झाली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १०० टक्क्यांवरून १४ वर आलं. उलट विकर अडवलं, तेव्हा मूत्रपिंड अधिकच बिघडलं. देऊन पाहिलं, काढून घेऊनही पाहिलं. संशयाला फारशी जागा उरली नाही. मला सर्वांत भावतं ते हे की इथे राखणदाराला हाक मारतो तो चोरच: हीमच्याच स्पर्शाने विकर तयार होतं. १९९९ मध्ये जपानी डॉक्टरांनी हे विकर जन्मतःच नसलेल्या एका मुलाची नोंद केली. त्याच्याही मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा झालेली होती.

‘उंदरांत’ हा शीर्षकातला शब्दही प्रामाणिक आहे; माणसाबद्दल तो काही दावा करत नाही. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या शेतांत घोणस चावते, रक्त नासतं, लघवी लाल-काळी होते. तेव्हा हे विकर आत कामाला लागलं, तरी त्याला आधीची सूचना मिळालेली नसते. त्या माणसाला विलंब न करता दवाखान्यात नेऊन प्रतिविषच द्यावं लागतं.