आनंदीबाई जोशी यांची अमेरिकेतील पत्रे : परदेशवास आणि स्वत्व

परदेशी एकट्याने राहिलेला तरुण 'बदलून येतो' हे विधान इतक्या सहजपणे केले जाते की त्यातील 'बदल' या शब्दाचा नेमका अर्थ तपासण्याची आवश्यकता कोणास भासत नाही. कल्याणच्या पुढे लोहमार्गावर वसलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील घरांतूनही शिक्षणासाठी परदेशी जाणे आता अपूर्व राहिलेले नाही. (उल्हासनगरची वस्ती मुळात १९४७ नंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी निर्वासितांची, परंतु लादले गेलेले देशांतर आणि स्वेच्छेने पत्करलेला परदेशवास या भिन्न गोष्टी होत.) याच परिसराला लागून असलेल्या कल्याणातील एका घराण्यातील मुलीने या प्रश्नासंबंधी जो लिखित पुरावा मागे ठेवला आहे, तो मात्र या दृष्टीने क्वचितच वाचला गेला आहे.

आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अठरा होते. बोटीवर मिशनशी संबंधित स्त्रियांची सोबत होती, पण कुटुंबातील कोणीही नव्हते. त्यापूर्वी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी जे जाहीर भाषण केले, त्यात आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार, असे आश्वासन होते. म्हणजे प्रवासाच्या आरंभीच 'मी बदलणार नाही' अशी प्रतिज्ञा आहे. ती त्यांनी पाळली असा निर्वाळा चरित्रकारांनी दिला आहे, आणि बाह्य आचारापुरता तो खरा आहे. धर्म सोडला नाही, शाकाहार सोडला नाही. थंडीमुळे नऊवारी नेसणे अशक्य झाले तेव्हाही पाश्चात्त्य पोशाख न स्वीकारता त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसणे पसंत केले. तथापि एवढ्यावरून परदेशवासाने त्यांच्यात काहीच घडवले नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे पातळ आणि आहार यांपलीकडे माणसाला अंतरंग नसते, असे मानण्यासारखे आहे.

खरा पुरावा गोपाळरावांना लिहिलेल्या पत्रांत आहे. गोपाळराव त्यांच्याहून वयाने पुष्कळ मोठे, टपालखात्यात नोकरीस, आणि पत्नीच्या शिक्षणाविषयी हट्टी. पत्नीस शिकवताना त्यांनी तिला मारलेही. अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाई या गोष्टींची वयानुसार उजळणी करतात : दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, त्यानंतर अंगावर फेकलेल्या खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या. त्या वागणुकीस चांगले म्हणावे की वाईट, हे ठरवणे कठीण आहे, असे त्या लिहितात. पतीपुढे बोलण्याचा अधिकारच हिंदू स्त्रीला नसतो, हेही नोंदवतात. हे पत्र बंडाचे नव्हे. त्यात कृतज्ञता आहे, आदरही आहे. किंबहुना त्यातील अनिर्णय हाच त्याचा सर्वांत मोलाचा भाग होय. ज्या व्यक्तीचे प्रत्येक मत पतीने घडवले, ती आता त्याच पतीच्या वर्तनाचा न्यायनिवाडा हाती घेते, आणि तो करताना घाई करीत नाही.

हे वाक्य घरात उच्चारता आले नसते. पत्राला उत्तर येण्यास तेव्हा आठवडेच्या आठवडे लागत. मध्येच कोणी तोडत नाही, आवाज चढवत नाही. एकाकी परदेशवासाने आनंदीबाईंना नवे विचार दिले असतील वा नसतील (अमेरिकेबद्दलची त्यांची मते पुष्कळदा बेताचीच आहेत), पण वाक्य पूर्ण करण्याइतके अंतर निश्चित दिले. न्यू जर्सीत रोझेल येथे कार्पेंटरबाईंच्या घरी आणि नंतर फिलाडेल्फियात लाभलेली ही मोकळीक ज्ञानाइतकीच परिणामकारक ठरली असली पाहिजे.

या ठिकाणी पंडिता रमाबाईंशी तुलना उद्बोधक आहे. त्यांचे युनायटेड स्टेट्सवरील पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापुढे महाराष्ट्रीय वाचकवर्ग उभा आहे, त्यामुळे तेथील समाजाचे निरीक्षण हाच त्याचा विषय. आनंदीबाईंच्या त्या पत्राचा वाचक एकच, आणि तोच त्यातील विषयही.

चरित्रलेखनाने या पत्रांस पुरता न्याय दिला असे म्हणवत नाही. कॅरोलिन डॉल यांचे १८८८ चे इंग्रजी चरित्र अमेरिकन वाचकांस समोर ठेवून लिहिलेले आहे. काशीबाई कानिटकरांनी १९१२ मध्ये चरित्राबरोबर पत्रेही प्रसिद्ध केली, हे त्यांचे मोठे ऋण आहे. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने ही कथा घरोघरी पोहोचवली. परंतु तीत गोपाळरावांचे विक्षिप्त व्यक्तिमत्त्व इतके ठसठशीत आहे की आनंदी ही त्यांची कृती वाटू लागते. अलीकडे मीरा कोसंबी यांनी पत्रांचा स्त्रीच्या दृष्टीने पुन्हा विचार केला, तेव्हा हा तोल काहीसा सावरला.

बदलाचा दुसरा पुरावा पदवीच्या प्रबंधात आहे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची एम्. डी. पदवी त्यांना मार्च १८८६ मध्ये मिळाली. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी आई होऊन दहा दिवसांत मूल गमावलेल्या स्त्रीने हा विषय निवडावा, यात केवळ विद्वत्ता पाहणे कोरडेपणाचे होईल. आणि हिंदू म्हणून परत येण्याची प्रतिज्ञा करणारी विद्यार्थिनी येथे आपल्या परंपरेस पूज्य वारसा म्हणून नव्हे, तर अभ्यासविषय म्हणून हाताळते. प्रतिज्ञा मोडली नाही. प्रतिज्ञेतील शब्दाचा अर्थ मात्र हलला.

पुढे गोपाळराव स्वतः अमेरिकेस गेले व पदवीदानास उपस्थित राहिले. पतिपत्नी एकत्र आल्यावर त्यांच्यातील पत्रव्यवहार साहजिकच थांबला, आणि त्याबरोबर तो स्वरही वाचकाच्या कानावर यावयाचा थांबला. १८८६ अखेर आनंदीबाई क्षयाने जर्जर होऊन परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रीविभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती, पण तेथे रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. या अखेरच्या महिन्यांविषयी जे उपलब्ध आहे, ते बहुतांशी इतरांनी लिहिलेले आहे.