हिरव्या वायरीची विभक्ती

तीन पिनांचा प्लग आपण दिवसातून दहा वेळा हाताळतो, पण एकदा तो तळहातावर घेऊन निवांत पाहावा. वरची पिन इतर दोघींहून जाड आणि किंचित लांब. ही लांबी म्हणजे केवढं शहाणपण! प्लग सॉकेटमध्ये शिरताना ती सर्वांत आधी जमिनीशी संधान बांधते, मग फेज आणि न्यूट्रल पोचतात. बाहेर पडताना ते दोघे आधी सुटतात आणि ही शेवटी. सर्वांआधी उठणारी आणि सर्वांनंतर निजणारी घरातली आजीच जणू.

या पिनेला धरून आपण हळूहळू खाली उतरू. डोंबिवलीतली जुनी चार मजली इमारत घ्या. न्हाणीघरातल्या गीझरच्या पत्र्यापासून निघालेली अर्थिंगची हिरवी वायर या पिनेतून सॉकेटमध्ये येते, तिथून डीबीमधल्या, म्हणजे घरातल्या वीजवाटप पेटीतल्या, पितळी पट्टीवर. घरभरच्या हिरव्या वायरी इथे जमतात, प्रत्येकीचा स्क्रू स्वतंत्र, म्हणजे एक निखळली तरी दुसरी पोरकी होत नाही. पुढे जिन्याखालची मीटर रूम आणि मग जमीन. या साऱ्या वाटेवर तिला ना फ्यूज भेटतो, ना स्विच. फेजला जागोजागी दारं आणि पहारेकरी. हिची वाट मात्र अखंड मोकळी, आणि त्या मोकळ्या वाटेवरून बहुधा वर्षानुवर्षं काहीच जात नाही! शेजारून धावणारा न्यूट्रलही तिकडे रोहित्रापाशी जमिनीलाच मिळालेला असतो, पण आपल्या घरात या दोघांची गाठ मारायची नाही. मारली, तर फेजमधून गेलेलं न्यूट्रलमधून परत आलं का, हा जमाखर्च पाहणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हिशेबात गोंधळतो.

मला सर्वांत रस वाटतो तो मात्र विभक्तीत. नळाला अर्थ देणं आणि नळापासून अर्थ घेणं, हे दोन वाक्प्रयोग वायरमनच्या तोंडी इतके जवळजवळ येतात की कान फसावा. ‘नळाला’ ही चतुर्थी: गीझर, नळ, लोखंडी पाइप या साऱ्यांना एका वायरीने बांधून जमिनीशी जोडायचं, हे बाँडिंग. ‘नळापासून’ म्हटलं की पंचमी, आणि अर्थ उलटला: नळालाच जमीन समजून गीझरची हिरवी वायर त्याला गुंडाळून मोकळं व्हायचं. पूर्वी जमिनीपर्यंत सलग लोखंडी पाइप असत, तोवर ही पंचमी कशीबशी निभावली. आता दुरुस्तीत मध्येच सीपीव्हीसी या प्लास्टिकचा तुकडा येतो, वाट तुटते, आणि वरच्या मजल्यावरच्या गीझरचा बिघाड खालच्या मजल्यावरच्या बादलीत उतरू शकतो. (संपूर्ण प्लास्टिकच्या नळीला हिरवी वायर बांधणारेही असतात, तो निव्वळ अलंकार.)

चतुर्थीचं मर्म पाहायचं तर डोंबिवली स्टेशनच्या फलाटावर मान वर करावी. ओव्हरहेड वायरीत २५,००० व्होल्ट, आणि तीवर कावळा पिसं साफ करत बसलेला. त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर आहेत. फरक नाही म्हणून प्रवाह नाही, प्रवाह नाही म्हणून धक्का नाही. न्हाणीघरात एक हात गीझरवर आणि दुसरा नळावर असलेल्या ओल्या माणसाला त्या कावळ्याची निश्चिंती मिळावी, एवढ्यासाठी बाँडिंगची ती वीतभर वायर.

आणि मग इमारतीमागचा खड्डा. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत जस्ताचा मुलामा दिलेला सुमारे अडीच मीटरचा पाइप उभा गाडायचा, भोवती लोणारी कोळसा आणि मीठ यांचे थर द्यायचे: कोळसा ओल धरतो, मीठ त्या ओलीला विजेची वाट करून देतं. तेच मीठ हळूहळू पाइपही खातं, हा त्यातला विरोधाभास. पावसाळ्यात खाडीकाठची ही भूमी आपसूक भिजलेली असते, तेव्हा काही करावं लागत नाही. वैशाखात मात्र झाकण उचलून नरसाळ्यातून पाणी ओतावं लागतं. सोसायटीचा वॉचमन तुळशीला पाणी घालून उरलेली अर्धी बादली तिथे रिकामी करतो, आणि खालून कोरड्या मातीचा चुर्र असा आवाज येतो.