सैल केलेला स्क्रू

जपानच्या फॅशन डिझायनर रेई कावाकुबो यांचा १९८२ मधला काळा लोकरी स्वेटर पाहिला, की याला कसर लागलीय असंच वाटतं. अंगभर लहानमोठी भोकं. पण ती कसरीनं पाडलेली नाहीत आणि कात्रीनंही नाहीत. विणकामाच्या यंत्राचे एक-दोन स्क्रू मुद्दाम सैल केले, टाके सुटत गेले आणि भोकं विणीतूनच आली. यंत्राच्या विणीत हाताची चूक कुठून येणार? ती कावाकुबोंनी यंत्राकडूनच करवून घेतली. मला हे त्या स्वेटरच्या रूपाहून मोलाचं वाटतं.

त्यांनी फॅशनचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. एकदा त्यांनी पॅटर्न करणाऱ्यांच्या हाती नुसता चुरगळलेला कागद दिला आणि याचा गुण उतरेल असं वस्त्र मागितलं. चित्र नाही, मापं नाहीत. कारागिराला विचार करायला लावणारी ही पद्धत आज फारशी दिसत नाही.

आज दिसतो तो क्षणभराचा चमत्कार. सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसला कोपर्नी या फॅशन ब्रँडच्या शोमध्ये मॉडेल बेला हदीदच्या उघड्या अंगावर द्रव फवारला आणि बघता बघता त्याचं कापड झालं. मानेल टोरेस यांचं हे संशोधन खरोखर थक्क करणारं आहे. पण फवारून हाती काय आलं? साधा पांढरा झगा. रसायन नवं, आकार जुना. १९९८ मध्ये डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांनी मॉडेल शालोम हार्लोच्या पांढऱ्या पोशाखावर दोन यंत्रांकरवी रंग उडवला, तेव्हा ती अंग चोरत होती आणि बघणाऱ्याच्या पोटात कालवत होतं. ती भीती कोपर्नीच्या शोमध्ये नाही.

डिझायनर हुसेन चलायन यांचा फेब्रुवारी २००० मधला लंडनचा शो मी याहून वरचा मानतो. ते सायप्रसचे, तुर्की कुटुंबातले. घर सोडून पळावं लागणं म्हणजे काय, हे त्या बेटानं भोगलेलं. रंगमंचावर बैठकीची खोली. मुली येतात, खुर्च्यांचे अभ्रे काढून अंगात घालतात, खुर्च्या मिटून सुटकेसी होतात. शेवटची मुलगी गोल लाकडी टेबलाच्या मधोमध उभी राहून ते वर ओढते. एकात एक बसलेली लाकडी कडी उलगडतात, टेबलाचा घागरा होतो. तो नेसून ती निघून जाते. खोली रिकामी.

वस्त्रानं विचार करायला लावणं कावाकुबोंनीही सोडलं नाही. त्यांच्या १९९७ च्या संग्रहात चौकड्यांच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाखाली, पाठीवर, खांद्यावर, कुल्ह्यांवर मऊ गाद्या होत्या. अनेकांना त्यात कुबड दिसलं. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांनी त्याच वर्षी 'सिनॅरिओ' या नृत्यासाठी तसलेच पोशाख कावाकुबोंकडून घेतले. अंगाचा आकार बदललेला, तोल बदललेला. वर्षानुवर्षांच्या सरावाची पावलं नर्तकांना त्या फुगवट्यांसकट नव्यानं टाकावी लागली.