थेट, पण पुढल्या तारखेचे

टीव्ही फुकट दिसतो असे कुणी म्हटले की माझ्यातला कॉमर्स ग्रॅज्युएट दचकतो. वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून एवढेच शिकलो, की कुणाच्या तरी नावे पडल्याशिवाय कुणाकडे जमा होत नाही. म्हणून इंटरनेटवरच्या फुकट चॅनेलांचाही ताळेबंद मांडून पाहिला. जमेला बातम्यांची झाडून सगळी मराठी चॅनेले. शिवाय प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेले 'वेव्हज' नावाचे ॲप, त्यात आपली सह्याद्री. नावे बाजूला मोबाइलचे रिचार्ज आणि जाहिराती. पूर्वी टीव्हीला परवाना लागे. वडिलांचे ते पुस्तक अजून कपाटात आहे. पैसे घेऊन सरकार निदान शिक्का तरी मारी!

मालाबद्दल फारशी तक्रार नाही. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. बातम्यांच्या चॅनेलवर खाली दोन पट्ट्या धावतात, वर सहा चौकटींत सहाजण भांडतात, आणि हे सारे तळहाताएवढ्या पडद्यावर. म्हणजे पासपोर्ट फोटोत अख्खे वऱ्हाड बसवल्यासारखे. पण तो दोष फोनचा नव्हे, भांडणाऱ्यांचा.

माझा आक्षेप आहे तो 'थेट' या शब्दाला. हे चित्र काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात. वाटेत रस्ता तुंबला तर पंचाईत नको, म्हणून आपला फोन आधी दोन-चार तुकडे गाठीला बांधतो आणि मग एकेक वाढतो. वृत्ती काटकसरी गृहिणीची, चांगलीच. पण त्यापायी थेट म्हणून पानात पडते ते कधीकधी अर्ध्या मिनिटाचे शिळे असते. आमच्याकडे याला पुढल्या तारखेचा चेक म्हणतात. तोसुद्धा निदान तारीख लपवत नाही!

अर्धे मिनिट म्हणजे काय, असे आपण म्हणाल. २९ जून २०२४ ची रात्र आठवा. वर्ल्ड कपची फायनल, शेवटची ओव्हर, आफ्रिकेला सोळा हव्यात. माझ्या फोनवर हार्दिक पंड्या अजून फील्ड लावत होता, आणि वरच्या मजल्यावर, जिथे छत्रीवरचा टीव्ही आहे, तिथून जी आरोळी उठली तिने आमच्या छताचा पोपडा खाली आला. नंतर मिलरने चेंडू उचलला, सूर्यकुमार सीमारेषेवर आतबाहेर नाचला, तेव्हा अख्ख्या बिल्डिंगमध्ये भीती न वाटलेला इसम मी एकटाच. आणि भीतीच वाटायची नसेल तर मॅच बघायची कशाला? दुसऱ्या दिवशीच्या पेपरात धावसंख्या येतेच की. चाळीत एका टीव्हीसमोर चाळीस माणसे बसत, पण चाळीसजणांच्या काळजाचा ठोका एकदमच चुके. आता घरटी चार फोन आणि चार वेळा. बायकोची विकेट आधी पडते, मुलाची नंतर.

या सगळ्यात पास झाला तो एकच कार्यक्रम. पंढरपूरचे थेट दर्शन. आईचे गुडघे गेल्यापासून तिची वारी बंद आहे, म्हणून सकाळी मी तिला फोन लावून देतो. मध्येच गोल चक्र फिरू लागते आणि चित्र गोठते. पण अठ्ठावीस युगे विटेवर उभा असलेला देव अर्धे मिनिट हलला नाही, तर कळणार कुणाला? आई हात जोडून बसते, चक्रासकट. एकदा म्हटले, "थांब आई, अडकलंय."

"असू दे रे," ती म्हणाली, "त्याला कुठं जायचंय!"

मग फोन पालथा ठेवून थोडा वेळ गुडघे चोळत बसली. "दिसतो छान," म्हणाली, "पण पाय लागत नाहीत हाताला. आणि रांगेत कुणी ढकललंही नाही."